जुन्या गाडीचा हेडलाइट बल्ब कसा निवडावा?

खामगाव ते शेगाव हा रस्ता रात्री आणि पहाटे मोकळा नसतो. शेगावला पायी जाणारे भाविक अंधारातच निघतात. आषाढीनंतर पंढरपूरहून परतणाऱ्या श्री गजानन महाराजांच्या पालखीचा शेवटचा टप्पाही याच वाटेवरचा असतो. कापसाच्या हंगामात बाजाराकडे येणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात, आणि त्यातल्या कित्येकांना मागे दिवाच नसतो. शहराला लागून जाणाऱ्या मलकापूर–अकोला महामार्गावर, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, समोरून ट्रकची रांग सुरू असते. अशा रस्त्यांवर पंधरा-वीस वर्षांची बोलेरो, मारुती ८०० किंवा मोटरसायकल चालवणाऱ्याला एक दिवस जाणवते की हेडलाइटचा उजेड पुरत नाही.

मग दुकानात जाऊन ‘जास्त पॉवरचा बल्ब द्या’ असे सांगितले जाते. बहुतेक वेळा हा उपाय चुकीचा ठरतो. जुन्या गाडीत मूळ प्रकाराचा आणि मूळ वॅटचाच चांगला बल्ब घालावा आणि उजेड कमी का झाला याचे कारण वायरिंग, रिफ्लेक्टर आणि सेटिंग यांत शोधावे. असे का, ते पुढे पाहू.

बल्बचा प्रकार कसा ओळखायचा?

जुना बल्ब काढून त्याच्या धातूच्या बुडावरची अक्षरे वाचा. तिथे प्रकार, व्होल्ट आणि वॅट लिहिलेले असतात. अक्षरे पुसली असतील तर गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहा. नेहमी लागणारे प्रकार असे:

एच४: १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर अशा दोन तारा असतात. जुन्या गाड्यांत हा सर्वांत जास्त आढळतो. मागे तीन पट्ट्यांचा कपलर असतो.

एच१ आणि एच७: दोन्ही १२ व्होल्ट, ५५ वॅट आणि एकाच तारेचे. ज्या गाड्यांत अप्पर आणि डिपरचे बल्ब वेगळे असतात त्यांत हे येतात.

एचएस१: १२ व्होल्ट, ३५/३५ वॅट. हा मोटरसायकलचा बल्ब आहे. दिसायला एच४ सारखाच असल्यामुळे अदलाबदल होते. पण ६० वॅटचा भार छोट्या मोटरसायकलच्या वीजव्यवस्थेला झेपत नाही.

२४ व्होल्टचा एच४: ७५/७० वॅट, ट्रक आणि बससाठी. कारमध्ये बसवला तर तो मिणमिणता जळतो. उलट १२ व्होल्टचा बल्ब ट्रकमध्ये लावला तर लगेच उडतो.

फार जुन्या गाड्यांत हॅलोजनच्या आधीचे ४५/४० वॅटचे साधे बल्बही सापडतात. त्यांची बैठक एच४ पेक्षा वेगळी असते. ठोकून-वाकवून एच४ बसवू नये. त्या गाडीला चालणारा, एच४ साठीच बनवलेला पूर्ण दिवा मिळत असेल तर दिवाच बदलावा.

डिपरचा उजेड खाली कसा राहतो?

पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवर अवलंबून आहेत. एच४ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. त्या तारेचा उजेड वाटीमुळे रिफ्लेक्टरच्या खालच्या भागावर पडत नाही. तो फक्त वरच्या भागावर पडतो आणि तिथून परावर्तित होऊन खाली रस्त्याकडे जातो. म्हणून डिपरच्या उजेडाला वरच्या बाजूला स्पष्ट कड असते. भारतात वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे ही कड डाव्या बाजूला थोडी वर चढते आणि रस्त्याच्या कडेचा माणूस लवकर दिसतो. उजवीकडे ती खाली राहते आणि समोरच्या चालकाचे डोळे वाचतात.

ही सगळी रचना तारेच्या जागेवर चालते. तार एक-दोन मिलिमीटर सरकली तरी उजेड भलतीकडे जातो. स्वस्त बल्बमध्ये मोठा दोष असतो तो हाच. तो बल्ब पेटतो, भरपूर उजेडही देतो, पण हवा तिथे देत नाही.

उजेड कमी होण्याची खरी कारणे

पहिले कारण व्होल्टेज. हॅलोजन बल्बला मिळणारे व्होल्टेज थोडे घसरले की उजेड बराच घसरतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट असतील आणि बल्बच्या होल्डरपर्यंत १२.८ पोहोचत असतील, तर या एका व्होल्टमागे जवळपास २३ टक्के उजेड जातो. होल्डरवर १२ व्होल्टच येत असतील तर ३८ टक्क्यांच्या आसपास घट होते. जुन्या गाडीत गंजलेला अर्थ, ढिला कपलर आणि काळवंडलेला स्विच मिळून इतके व्होल्ट सहज खातात.

हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून आधी बॅटरीवरचे आणि मग बल्ब जोडलेला असतानाच त्याच्या टोकांवरचे व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा बराच जास्त असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थ साफ करून घ्या, जळका कपलर बदला आणि रिले बसवून घ्या. रिलेमुळे बल्बला वीज जाड वायरने थेट बॅटरीकडून मिळते. जुन्या स्विचमधून फक्त रिले चालवण्यापुरता थोडा करंट जातो. वायरमध्ये बॅटरीजवळ फ्यूज असलाच पाहिजे.

दुसरे कारण रिफ्लेक्टर आणि काच. रिफ्लेक्टरची चकाकी उडाली असेल तर कोणताही बल्ब लावून उपयोग नाही. तो फडक्याने घासू नये, कारण चकाकीचा थर अतिशय पातळ असतो आणि घासताच निघतो. असा दिवा बदलणेच योग्य. प्लॅस्टिकची पिवळी पडलेली काच मात्र पॉलिश करून बऱ्यापैकी साफ होते.

तिसरे कारण बल्बचे वय. वापराने काच आतून काळसर होते आणि उजेड मंदावतो. म्हणून एक बल्ब गेला की दोन्ही बदलावेत.

१००/९० वॅटचा बल्ब का नको?

एच४ चा ६० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर करंट घेतो. १०० वॅटचा ८.३ अँपिअर घेतो. वायर आणि कपलरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे इथे ती पावणेतीन पटींहून जास्त होते. वायर मात्र तीच जुनी. आधी होल्डर वितळतो, मग स्विच जळतो आणि पुढे वायरिंगला आग लागण्याचा धोका असतो. शिवाय करंट वाढला की व्होल्टेजही जास्त घसरते, त्यामुळे अपेक्षेइतका उजेड मिळत नाही. प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर उष्णतेने खराब होतो तो वेगळाच.

एलईडी बल्ब लावावा का?

बाजारात ‘एच४ एलईडी’ म्हणून मिळणारे बल्ब जुन्या होल्डरमध्ये बसतात, पण त्यांचा उजेड तारेसारखा सगळीकडून निघत नाही. चिप दोन बाजूंना असतात, त्यांचा आकार आणि जागा वेगळी असते. तारेसाठी आखलेल्या रिफ्लेक्टरमध्ये त्यामुळे डिपरची कड फुटते. चालकाला गाडीसमोरचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो आणि उजेड वाढल्यासारखा वाटतो. पण तो समोरच्याच्या डोळ्यांतही जातो, आणि दूरवर कडेला चालणारा माणूस दिसेलच असे नाही.

ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. झगमगाटाने दिपलेल्या डोळ्यांना सावरायला तीन सेकंद लागले, तर समोरचा चालक तेवढ्यात ५० मीटर अंतर जवळपास आंधळेपणाने कापतो. त्या ५० मीटरमध्ये बैलगाडी असू शकते, दिंडी असू शकते.

पाकिटावरच्या आकड्यांनाही भुलू नये. चांगला एच४ हॅलोजन १३.२ व्होल्टवर अप्परला सुमारे १६५० आणि डिपरला १००० ल्युमेन देतो. २० वॅटच्या एलईडीवर ‘२०,००० ल्युमेन’ लिहिले असेल तर ते अशक्य आहे. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली, पण ती तपासलेल्या ठरावीक गाड्यांच्या ठरावीक दिव्यांपुरतीच. एलईडी वाईट नाही, पण तो त्या दिव्याबरोबर तपासलेला हवा. नव्या गाड्यांत पूर्ण दिवाच एलईडीसाठी आखलेला असतो.

जुन्या मोटरसायकलवर आणखी एक अडचण येते. काहींमध्ये हेडलाइट बॅटरीवर न चालता थेट इंजिनकडून येणाऱ्या एसी विजेवर चालतो. तिथे साधा एलईडी लुकलुकतो किंवा लवकर जातो.

निळसर आणि ‘जास्त उजेड’वाले बल्ब

निळ्या काचेचा हॅलोजन पांढरा दिसतो, कारण निळा थर पिवळा-तांबडा उजेड अडवतो. म्हणजे उजेड वाढत नाही, उलट काही भाग वाया जातो. नावाजलेल्या कंपन्यांचे ‘१०० टक्के जास्त उजेड’ असे बल्ब मूळ वॅटचेच असतात आणि रस्त्याच्या काही भागावर खरेच जास्त उजेड टाकतात. पण त्यांची तार जास्त तापते, म्हणून ते लवकर जातात. रात्रीचा प्रवास कमी असेल तर चालतील. रोज रात्री गाडी चालवणाऱ्याला साधा बल्ब परवडतो.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०५ दिव्यांविषयी आहे. पुढच्या दिव्यांनी १५५ मीटरवरची माणसे आणि वाहने स्पष्ट दिसली पाहिजेत, असे तो सांगतो. नियम १०६ नुसार दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत इतका खाली वळवलेला असावा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नूतनीकरणासाठी एमएच-२८ ची गाडी परिवहन विभागाच्या तपासणीला न्यावी लागते, तेव्हा दिवेही पाहिले जातात.

खरेदी करताना आणि बसवताना

बल्बच्या बुडावर कंपनीचे नाव, प्रकार, व्होल्ट, वॅट आणि वर्तुळातले ‘ई’ हे अक्षर व शेजारी आकडा ठसठशीत आहे का ते पाहा. खोका फाटलेला, छपाई पुसट आणि किंमत फारच कमी असेल तर घेऊ नका. पक्के बिल मागा.

बसवताना हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटांचे तेल राहिले तर तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर फुटतो. बोट लागलेच तर स्पिरिटने पुसून वाळू द्या. बल्बच्या कड्याचे तिन्ही कान खाचांत नीट बसले पाहिजेत. तिरका बसलेला चांगला बल्बही समोरच्याला आंधळा करतो. शेवटी मागचे रबरी झाकण विसरू नका, नाहीतर धूळ आणि पाणी आत जाऊन रिफ्लेक्टर खराब होतो.

सेटिंग घरी कसे तपासावे?

सपाट जागी गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा. चाकांत हवा नीट असावी आणि गाडीत नेहमीएवढा भार असावा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खूण करा. डिपर लावल्यावर उजेडाची सपाट कड त्या खुणेच्या साधारण ५ सेंटिमीटर खाली दिसली पाहिजे. माहितीपुस्तिकेत वेगळे माप दिले असेल तर तेच धरा. कड वर असेल तर दिव्यामागच्या स्क्रूने खाली आणा. मागे माणसे किंवा पोती भरली की गाडीचे तोंड वर होते आणि डिपरही वर चढतो. म्हणून भरलेली गाडी रात्री काढण्यापूर्वी हे पुन्हा पाहावे.

पैसे मोजकेच असतील तर खर्चाचा क्रम असा ठेवावा: आधी अर्थ आणि कपलर, मग मूळ वॅटची चांगल्या कंपनीची बल्बची जोडी, मग सेटिंग, मग गरज असेल तर रिले आणि शेवटी नवा दिवा. बहुतेक जुन्या गाड्यांचा उजेड पहिल्या तीन कामांतच परत येतो.