वळिवड्याचे पाहुणे

श्री भैरवनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार गावाने एकदिलाने तडीस नेला. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत पंचक्रोशीच्या इतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी समितीची आज्ञा झाली. मी तहसील कचेरीतला साधा कारकून, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तरी लहानपणापासून मनात घर करून असलेला एक विषय वाचकांपुढे ठेवतो.

करवीर तालुक्यात वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धात एक छावणी होती. आमचे आजोबा तिला ‘गोऱ्या कैद्यांची छावणी’ म्हणत. त्या काळी हिंदुस्थानात इटालियन युद्धकैद्यांच्या छावण्या होत्या, त्यावरून हा समज झाला असावा. परंतु वळिवड्यास कैदी नव्हते. ते पोलंडचे निर्वासित होते. त्यांतही बहुतेक बायका आणि मुले.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पश्चिमेकडून व रशियाने पूर्वेकडून पोलंडचा घास घेतला. १९४० व १९४१ साली रशियाने पूर्व भागातील असंख्य कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानात नेली. थंडी, उपासमार व सक्तमजुरीने कित्येक दगावले. पुढे १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच चाल केली, तेव्हा करार होऊन या लोकांची सुटका झाली. १९४२ साली त्यांतील हजारो जण इराणात पोहोचले आणि १९४३ पासून सुमारे ५,००० जणांना कोल्हापूर संस्थानात वळिवड्यास आसरा मिळाला.

छावणीत शाळा, दवाखाना, टपाल कचेरी होती, प्रार्थनामंदिरही होते. आजोबा तेथे भाजीची पाटी घेऊन जात. ते म्हणत, “बाया डोईला रुमाल बांधून देवाम्होरं बसायच्या. माणूस कैदेत असू दे न्हाईतर वाड्यात, देव लागतोच.”

युद्ध संपले, पण पूर्व पोलंड रशियाकडे गेला. अनेकांना परतायला घरच उरले नाही. १९४८ पर्यंत ही मंडळी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी पांगली. पुढे त्याच जागी फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव आले; तेच आजचे गांधीनगर. एका उजाडलेल्या संसाराची जागा दुसऱ्या उजाडलेल्या संसाराला उपयोगी पडली.

कोल्हापुरात महावीर उद्यानात या पाहुण्यांचे स्मारक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये छावणीत बालपण गेलेले काही वृद्ध पुन्हा वळिवड्यास येऊन गेले. वॉर्सा शहरातही कोल्हापूरचे स्मारक असून ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तेथे अभिवादन केले.

ही खरी हकीकत मी वाचली, तोवर आजोबा गेले होते. “ते कैदी नव्हते” एवढे त्यांना सांगायचे राहून गेले, आणि त्यांना विचारायचे तर कितीतरी राहिले. मंदिराचा ढासळलेला चिरा पुन्हा बसवता येतो. गेलेल्या माणसाबरोबर गेलेली आठवण परत आणता येत नाही. तरी घरातील वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसावे, विचारावे व लिहून ठेवावे, ही नम्र विनंती. भैरवनाथाच्या चरणी मस्तक ठेवून लेखणी आवरतो.