थ्रेड : आधी रोगी, मग पुस्तक. पशुवैद्यक शिक्षणातील एका प्रयोगाचा इतिहास

१/
परदेशी पशुवैद्यक महाविद्यालयांची माहितीपत्रके चाळताना एक शब्द हमखास भेटतो : समस्याधारित अध्ययन, अर्थात पीबीएल. ही पद्धत आपल्याला मानवेल का, हे माहितीपत्रक सांगत नाही. तिचा इतिहास मात्र बरेच काही सांगतो.

२/
१९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांचा अमेरिका व कॅनडातील वैद्यकीय महाविद्यालयांवरील अहवाल प्रसिद्ध झाला आणि तेथे एक साचा रूढ झाला. पहिली दोन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन. पुढची दोन वर्षे रुग्णालय. अनेक सुमार महाविद्यालये बंद पडली, हा मोठाच लाभ. परंतु रोगी समोर येईपर्यंत पाठांतरातले निम्मे विस्मृतीत गेलेले असे. पशुवैद्यकांची अडचण तर याहून बिकट. गाय, घोडा, कुत्रा, कोंबडी : प्रत्येकाचे शरीर निराळे, आणि बोलत कोणीच नाही!

३/
१९६९. कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठ. अधिष्ठाता जॉन एव्हान्स यांच्या नव्या वैद्यकीय विद्यालयात अवघे वीस विद्यार्थी दाखल झाले. विषयवार व्याख्यानांचा डोलारा नाही, नेहमीच्या परीक्षा नाहीत. लहान गट, एक मार्गदर्शक आणि पुढ्यात एका रोग्याची हकिकत. पुढे तेथे आलेले मज्जाविकारतज्ज्ञ हॉवर्ड बॅरोज यांनी या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप दिले. रोग्याचा अभिनय करणारी माणसे शिकवण्यासाठी वापरण्याची कल्पनाही त्यांचीच, १९६३ ची. (गाईचा अभिनय कोण करणार? पशुवैद्यक विद्यालयांत अभिनय होतो तो गाईच्या मालकाचा.)

४/
प्रत्यक्षात हे कसे चालते? उदाहरणादाखल एक गाय घेऊ. चारा सोडला आहे, दूध एकाएकी आटले आहे, पाठ कमानीसारखी करून उभी राहते, उतारावरून चालताना कण्हते. गटाला एवढेच सांगितले जाते. मग प्रश्न सुरू होतात. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाचे कप्पे किती? गिळलेली तार कोणत्या कप्प्यात अडकते? तेथून हृदय किती जवळ? या प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शक देत नाही. विद्यार्थी विषय वाटून घेतात, ग्रंथालयात जातात आणि पुढच्या बैठकीत एकमेकांना शिकवतात. तारेपर्यंत पोहोचताना शरीररचना आपोआप शिकून होते, अशी यामागची श्रद्धा.

५/
अमेरिकेतील कॉर्नेलच्या पशुवैद्यक महाविद्यालयाने १९९३ साली अशा गटबैठकींना अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणले. व्याख्याने आणि प्रयोगशाळा मात्र ठेवल्या. कॅलिफोर्नियातील पोमोना येथील वेस्टर्न विद्यापीठ त्याहून पुढे गेले. २००३ साली दाखल झालेल्या पहिल्या तुकडीपासून तेथे पीबीएलच मुख्य. स्वतःचे शिक्षण-रुग्णालयही नाही. विद्यार्थी बाहेरच्या दवाखान्यांत जाऊन शिकतात. शिकवण्यासाठी प्राणी मारायचा नाही, म्हणून विच्छेदनाला मालकांनी स्वेच्छेने दान केलेले मृतदेह.

६/
परिणाम काय झाला? १९९३ सालीच वैद्यकीय पीबीएलवरील तोवरच्या संशोधनाचे दोन मोठे आढावे प्रसिद्ध झाले. दोहोंचा सूर साधारण सारखाच : विद्यार्थ्यांना ही पद्धत अधिक आवडते, रोग्याजवळचे काम तितकेच किंवा थोडे सरस होते, पण मूलभूत शास्त्रांच्या परीक्षेत गुण कधीकधी कमी पडतात.

७/
या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग मॅकमास्टरचाच. परीक्षा हद्दपार करणाऱ्या या विद्यालयाचे पदवीधर राष्ट्रीय परवाना-परीक्षेत मागे पडू लागले. तेव्हा १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे ठरावीक काळाने होणारी प्रगती-चाचणी आणावी लागली. चाचणीचा हेतू विद्यार्थ्याला नापास करणे नव्हता, 'तू कोठे उभा आहेस' हे त्याचे त्याला कळावे, हा होता. मला या पद्धतीचे खरे मर्म येथे दिसते. आपले अज्ञान आपल्यालाच मोजता येणे, ही तिची पूर्वअट आहे. आणि ते काम वीस-बावीस वर्षांच्या माणसाला एकट्याने क्वचितच जमते.

८/
म्हणून 'मला गटात बोलायला आवडते' एवढ्यावर निर्णय घेऊ नये. बोलके विद्यार्थी पीबीएलमध्ये खुलतात, पण अर्धवट माहिती आत्मविश्वासाने मांडून गटाची दिशाभूल करणारेही बहुधा तेच असतात. अबोल पण चिकाटीने वाचणारा येथे चांगला रुळू शकतो. उद्या काय वाचायचे हे कोणी सांगितले नाही तर ज्याची झोप उडते, त्याने कॉर्नेलसारखा मिश्र अभ्यासक्रम शोधावा. अर्ज करण्यापूर्वी महाविद्यालयाला दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात : आठवड्याला व्याख्याने किती, आणि पहिली चाचणी कितव्या आठवड्यात?