सुताचा हिशेब

आमच्या भिवंडीत ‘सूत’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. विणकराचं सूत म्हणजे धागा. फिटरचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पहिला अर्थ शाळेत कळतो, दुसरा कारखान्यात. आज मला सायकलच्या साखळीविषयी बोलायचं आहे, आणि तिच्या इतिहासात ही दोन्ही सुतं एकमेकांत गुंतलेली आहेत.

माग घरात चालतो आणि सायकल रस्त्यावर, म्हणून दोघांचा काही संबंध नाही असं आपण समजतो. प्रत्यक्षात दोन्ही एकाच खानदानातली आहेत. फ्रान्समधल्या जाक द व्होकांसाँ या यंत्रज्ञाला १७४१ मध्ये रेशीम उद्योगाचा निरीक्षक नेमलं गेलं. रेशमाच्या यंत्रांवर काम करताना त्यानं घडवलेली साखळी आजही त्याच्या नावानं ओळखली जाते. पुढं इंग्लंडात, मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डमध्ये जेम्स स्लेटर कापड उद्योगाच्या यंत्रांसाठी साखळ्या बनवू लागला. १८७९ मध्ये हान्स रेनोल्ड या स्वित्झर्लंडहून आलेल्या तरुण इंजिनिअरनं त्याचा धंदा विकत घेतला. दुसऱ्याच वर्षी त्यानं साखळीच्या पिनेवर नळीसारखं बुश आणि बुशवर फिरता रोलर बसवला. भार मोठ्या पृष्ठभागावर पसरला, झीज कमी झाली. आज आपल्या पायाखाली फिरते ती साखळी याच घराण्यातली.

कोव्हेंट्रीची गोष्ट तर आमच्या गावाला आरसा दाखवणारी आहे. ते रेशमी फितींच्या विणकरांचं शहर. १८६० मध्ये फ्रान्सशी व्यापारी करार झाला, परदेशी फिती आल्या आणि हजारो माग थंडावले. त्याच शहरात शिवणयंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यानं १८६९ मध्ये सायकली बनवायला घेतल्या. १८८५ मध्ये तिथल्याच जॉन केम्प स्टार्लीनं ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी, हा आजच्या सायकलचा साचा तिथं पक्का झाला.

मराठी मुलखातही सायकलनं मोठं काम केलं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. १८८८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या भावानं बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायची यंत्रं आली, लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. एवढ्या मोठ्या कारखानदारीचं मूळ सायकलच्या दुकानात होतं.

भिवंडीत १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमाग मांडले. विसाव्या शतकात वीज आली आणि यंत्रमाग खडखडू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या काळात गिरण्यांनी टाकून दिलेले माग भंगाराच्या भावानं इथं आले. मुंबईनं ज्यांना म्हातारं ठरवलं, ते माग भिवंडीत आणखी कित्येक वर्षं चालले. हे घडलं जॉबरमुळे. जॉबर म्हणजे माग लावणारा, दुरुस्त करणारा कारागीर. त्यानं पुस्तक वाचलेलं नसतं. तो कान लावतो आणि कुठला भाग सैल झालाय ते सांगतो.

आता त्याच गल्ल्यांतून विजेच्या सायकली फिरू लागल्या आहेत. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या ओग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेल्या सायकलचं पेटंट मिळालं होतं. १९९३ मध्ये जपानच्या यामाहा कंपनीनं पायडलजवळ मोटर असलेली सायकल बाजारात आणली. फरक ध्यानात घ्यायला हवा. मोटर पायडलपाशी असेल, तर तिचा सगळा जोर साखळीतून जातो आणि साखळी लवकर झिजते. मोटर चाकात असेल, तर साखळीवर फक्त आपल्या पायांचा जोर येतो.

माझ्या सायकलची मोटर चाकात आहे. तरीही गेल्या वर्षी चढावर साखळी दाते सोडू लागली. गल्लीतल्या सायकलवाल्यानं चाकातून निघालेली वायर पाहिली आणि हात मागे घेतला. “कंपनीत न्या, साहेब.” उभं आयुष्य मी लेखणी धरली, पाना कधी धरला नव्हता. शेजारी एक निवृत्त जॉबर राहतात, सारी गल्ली त्यांना चाचा म्हणते. ते म्हणाले, “शायरसाहेब, तुम्हीच खोला. मी बसतो शेजारी.”

आधी बॅटरी काढून ठेवली, मग मोटरच्या वायरचा प्लग सरळ ओढून सोडवला. नट, वायसर ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडले. मागाचं कामही असंच करतात. साखळीला लोखंडी पट्टी लावली. शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. म्हणजे पहिल्या पिनेवर शून्य धरलं, तर पंचविसावी पिन बरोबर बारा इंचांवर हवी. चाचा म्हणाले, “अर्धं सूत पुढं गेली तर साखळी बदला. पुरं सूत गेली तर फ्रीव्हीलचे दातेही गेले समजा.” माझी पुरं सूत पुढं होती. साखळी ताणली असं आपण म्हणतो, पण लोखंड ताणत नाही. सांधे झिजतात. प्रत्येक सांध्याच्या वाट्याला मिलिमीटरचा जेमतेम आठवा भाग येतो. चोवीस सांध्यांत मिळून त्याचं सूत होतं. रस्त्याची धूळ आणि कारखान्यांतून उडणारी कापसाची तुसं तेलात बसून हे काम करत होती.

फ्रीव्हील पायडल मारून मारूनच घट्ट बसलेलं असतं. चाचांनी ते काढायचं हत्यार व्हाइसमध्ये आवळलं आणि मला चाक स्टिअरिंगसारखं उलटं फिरवायला सांगितलं. कट्ट असा आवाज झाला आणि आटे सुटले. नवी साखळी चढवून चाक फिरवलं, तेव्हा दुपार टळली होती. हात काळे झाले होते आणि मला ते आवडले.

मात्र कंट्रोलरचा डबा मी उघडू शकलो नाही. तो राळ ओतून बंद केलेला होता. लिथियमची बॅटरी घरी उघडू नये, ती पेट घेऊ शकते. तिथं जाणकारच हवा. पण प्रत्येक डबा बंदच का असावा? २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं ‘दुरुस्तीच्या हक्का’वर समिती नेमली, हे बरं झालं. प्रश्न दोन पैसे वाचवण्याचा नाही. लँकेशायरी धाटणीचा माग भिवंडीत जगला, कारण तो उघडता येत होता. उघडता आला म्हणून जॉबर तयार झाला आणि जॉबर होता म्हणून गरिबाच्या घरी यंत्र आलं. जे उघडता येत नाही, ते विकत घेतलं तरी पूर्णपणे आपलं होत नाही.

आपल्या परंपरेत कबीर विणकर होते, गोरोबा कुंभार होते, नरहरी सोनार होते. हाताच्या कामाला आपण वाणीत मान दिला, इतिहासात मात्र दिला नाही. संपाच्या तारखा लिहिल्या गेल्या. मागाला पुन्हा जीव देणाऱ्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. भिवंडीतही आता धोट्याशिवाय चालणारे नवे माग येत आहेत आणि जुने जॉबर थकले आहेत. त्यांचे शब्द, त्यांची मापं, कानानं दोष ओळखायची त्यांची रीत अजून त्यांच्याजवळ आहे. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी एक वही घेऊन त्यांच्याकडे जावं, आणि पाना हातात द्या म्हणावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)