पॉलिमर द्रवांची भिंतीवरील घसरण

वाहत्या पॉलिमर द्रवाचा भिंतीलगतचा थर जागेवर न थांबता पुढे सरकण्याची क्रिया. पाण्याच्या बाबतीत हा थर स्थिर मानून नळीतील प्रवाहाचे गणित बरोबर सुटते. लांब, एकमेकींत गुंतलेल्या साखळ्यांच्या पॉलिमरला ते गृहीतक लागू पडेलच असे नाही.

भिंतीवरील घर्षण घसरणीच्या वेगाच्या प्रमाणात असते, ही कल्पना नाव्ह्ये यांनी १८२३ मध्ये मांडली. द्रवाच्या श्यानतेला (दाटपणाला) घर्षणगुणांकाने भागले की घसरणीची लांबी, म्हणजे घसरणीचे माप, मिळते. साखळीची लांबी दुप्पट झाली की वितळलेल्या पॉलिमरची श्यानता सुमारे दसपट होते. गुळगुळीत भिंतीचे घर्षण मात्र जवळपास तेवढेच राहते. म्हणून घसरणही दसपट वाढते, असे द झेन यांनी १९७९ मध्ये दाखवले. प्रत्यक्षात काही साखळ्या भिंतीला चिकटतात आणि वाहत्या साखळ्यांना अडकवून धरतात. ताण एका मर्यादेपलीकडे गेला की चिकटलेल्या साखळ्या ताणल्या जाऊन गुंत्यातून सुटतात, किंवा भिंतीवरूनच उखडतात, आणि घसरण एकदम वाढते. यांपैकी नेमके काय घडते, यावर बराच वाद झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील योगेश जोशी, आशिष लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी २००० मध्ये दोन्ही शक्यता एकाच प्रतिमानात बसवल्या. या विषयातले हे मोलाचे काम आहे.

कारखान्यात याचा थेट परिणाम दिसतो. पॉलिथिलीनची फिल्म किंवा नळी काढताना ताण ०.१ मेगापास्कलच्या आसपास गेला की पृष्ठभागावर शार्कच्या कातडीसारखा खरखरीतपणा येतो. ताण आणखी वाढवला तर माल आळीपाळीने गुळगुळीत आणि खडबडीत निघतो. अत्यल्प फ्लोरोपॉलिमर मिसळल्यास तो साच्याच्या भिंतीवर बसतो, घसरण सुलभ होते आणि पृष्ठभाग सुधारतो.

पाण्यातील पॉलिमरची तऱ्हा वेगळी; डिंक हे त्याचे उदाहरण. धानोरा (जि. गडचिरोली) आणि आसपासच्या वनांत डिंक हे गौण वनोपज आहे. डिंकांपैकी कुलूचा डिंक हा नैसर्गिक पॉलिमर. तो पाण्यात विरघळण्यापेक्षा फुगतोच जास्त. कवळी हिरडीला चिकटवण्यासाठी तो वापरतात, इतका तो चिकट. तरीही अशा फुगलेल्या डिंकाचा लगदा दोन गुळगुळीत चकत्यांमध्ये फिरवला, तर चकतीलगत पाणीदार पातळ थर राहतो आणि बरीचशी हालचाल त्या थरातच होते. मापकावर श्यानता खऱ्यापेक्षा कमी दिसते. त्यामुळे अशा मोजणीसाठी खरखरीत चकत्या घेतात, किंवा मूनी यांच्या १९३१ च्या पद्धतीने वेगवेगळ्या व्यासांच्या नळ्यांतील प्रवाहांची तुलना करून घसरणीचा वाटा वेगळा काढतात.