किटकॅट ते एमसीबी

मंडळी, या वीकेंडला कोडिंगला सुट्टी. आज थोडा वायरिंगचा इतिहास.

माजिवडा म्हटलं की आता घोडबंदर रोडच्या तोंडाशी उभे असलेले टॉवर्स आठवतात. पण गावठाणातल्या जुन्या घरांमध्ये लाकडी बोर्डावर चिनी मातीचे पांढरे फ्यूज असायचे. वायरमनच्या भाषेत 'किटकॅट'. फ्यूज उडाला की किटकॅट उपसायचं आणि नवीन तार बांधायची. सारखा उडायला लागला की कोणीतरी हुशार माणूस दोन पदर पिळून बांधायचा. मग फ्यूज उडायचा नाही, भिंतीतली वायर तापायची!

वितळणाऱ्या तारेचं पेटंट एडिसनने 1880 मध्ये घेतलं. वायर जळण्याआधी जळणारा, मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा. पुढे 1924 मध्ये जर्मनीतल्या मानहाइमच्या ह्यूगो स्टॉट्झच्या कंपनीने फ्यूजच्याच जागी बसणारा छोटा ब्रेकर आणला. तोच आपल्या एमसीबीचा पूर्वज. आत दोन पहारेकरी: लोड जास्त झाला की तापून वाकणारी पट्टी आणि शॉर्टसर्किट झालं की क्षणात सर्किट तोडणारी कॉइल.

तंत्र बदललं, सवय नाही. "16 चा सारखा पडतोय? मग 32 चा टाक!" ही त्या दुपदरी तारेचीच नवी आवृत्ती. एमसीबी राखतो वायर, एसी किंवा गीझर नव्हे. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते, आणि 32 चा ब्रेकर शांत बसून राहतो.

हिशोब सोपा आहे. लोडपेक्षा ब्रेकर मोठा, ब्रेकरपेक्षा वायरची क्षमता मोठी. 2 किलोवॉटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 9 अँपिअर घेतो, म्हणजे 16 चा एमसीबी आणि 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. दिवे-पंख्यांच्या 1.5 च्या वायरला 6 किंवा 10 चा.

एसी चालू होतानाच एमसीबी पडतो? आकड्याआधीचं अक्षर बघा. 'बी' तिप्पट ते पाचपट करंटला लगेच तुटतो, 'सी' पाचपट ते दहापटीला. आणि हो, शॉकपासून वाचवणं एमसीबीचं काम नाही. त्यासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा लागतो.

तेव्हा रिसेलचा फ्लॅट घेताना मॉड्युलर स्विचेस नंतर बघा. आधी इलेक्ट्रिशियनला विचारा, भिंतीत वायर कितीची आहे?