बॉम्बच्या प्रयोगशाळेत कागदाचा ओलावा

कॅलिफोर्नियातली लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळा १९५२ साली उभी राहिली ती अण्वस्त्रांसाठी. सप्टेंबर १९९२ मध्ये अमेरिकेने शेवटची अणुचाचणी केली. कोठारातली अस्त्रं ठीक आहेत की नाहीत, हे आता स्फोट न करता ठरवायचं होतं. स्फोट बंद झाले आणि आकडेमोड वाढली. जगातल्या सर्वांत वेगवान संगणकांपैकी काही इथे येत गेले, आणि द्रव कसा वाहतो, धातू कसा दबतो याची समीकरणं सोडवणाऱ्या माणसांची एक फळीच तयार झाली. २०१२ साली वेगात जगात पहिला ठरलेला ‘सिक्वोया’ हा संगणक इथलाच. तो पूर्ण जोराने चालला की सुमारे आठ मेगावॅट वीज खायचा. पुढची गोष्ट ऊर्जाबचतीची आहे, तेव्हा हा खादाड पाहुणा विसरता कामा नये.

हे सगळं कारखान्यांच्या उपयोगी पडेल का, या विचारातून २०१५ साली अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने ‘हाय परफॉर्मन्स कम्प्युटिंग फॉर मॅन्युफॅक्चरिंग’ हा कार्यक्रम सुरू केला. नेतृत्व लिव्हरमोरकडे, जोडीला लॉरेन्स बर्कली आणि ओक रिज या प्रयोगशाळा. व्यवहार साधा होता. कंपनीने आपली अडचण घेऊन यायचं. ती सुटली तर देशाची किती ऊर्जा वाचेल, हे पाहून निवड व्हायची. निवडलेल्या कामासाठी प्रयोगशाळेला तीन लाख डॉलरपर्यंत निधी मिळे, आणि कंपनीने एकूण खर्चाचा किमान पाचवा हिस्सा उचलायचा. सरकारी पैसा कंपनीच्या हातात पडत नसे. तो शास्त्रज्ञांच्या वेळेवर आणि संगणकाच्या तासांवर खर्च होई. मला या योजनेतली खरी हुशारी इथेच दिसते. संगणकाचे तास पैसे मोजून कुठूनही घेता येतात. पण कारखान्यातल्या अडचणीचं समीकरणात रूपांतर करू शकणारा माणूस तसा मिळत नाही.

सर्वांत बोलका प्रकल्प ठरला कागदाचा. लगदा यंत्राच्या जाळीवर पडतो तेव्हा त्यात नव्याण्णव टक्के पाणीच असतं. बरंचसं जाळीतून गळतं, नंतर रुळांच्या दाबाखाली पिळून निघतं, आणि तरीही कागद निम्मा ओला राहतो. ते उरलेलं पाणी वाफेवर तापलेल्या सिलिंडरवरून फिरवून उडवावं लागतं. पिळणं स्वस्त, उडवणं महाग. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. पिळताना कागदाखाली फेल्ट, म्हणजे जाड दाट कापडाचा पट्टा असतो, तो पाणी शोषतो. पण रुळांमधून बाहेर पडताच दबलेला कागद पुन्हा फुगतो आणि फेल्टमधलं थोडं पाणी परत ओढून घेतो. हे घडतं मिलिसेकंदांत, तेही धावत्या यंत्राच्या पोटात. तिथे डोळा पोहोचत नाही, मोजणारं उपकरणही नीट पोहोचत नाही.

‘अजेंडा २०२०’ या कागद उद्योगाच्या गटाने नेमकी हीच अडचण पुढे ठेवली. लिव्हरमोरमध्ये रूळ, कागद आणि फेल्ट मिळून अख्ख्या प्रेसचं प्रारूप बांधलं गेलं. फेल्टच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी कसं सरकतं, हे बर्कलीच्या डेव्हिड ट्रेबोटिच यांनी पाहिलं. त्यासाठी वापरलेली ‘चोम्बो-क्रंच’ ही संगणकप्रणाली याआधी जमिनीखालच्या खडकांत कार्बन डायऑक्साइड साठवण्याच्या अभ्यासात वापरलेली होती. खडक काय नि फेल्ट काय, गणिताच्या लेखी दोन्ही सच्छिद्रच! हे काम इतकं अवजड, की ‘एडिसन’ या संगणकाचे हजारो कोअर त्याला एकाच वेळी जुंपावे लागले.

२०१७ मध्ये हे काम जाहीर झालं तेव्हा सांगितलेला अंदाज असा: वाळवण्याच्या टप्प्यावरची ऊर्जा २० टक्क्यांपर्यंत वाचू शकेल, म्हणजे देशभरात वर्षाला ८० लाख कोटी बीटीयू. आपल्या हिशेबात ही सुमारे २,३०० कोटी युनिटांइतकी उष्णता झाली.

बाकीचे प्रकल्प याच वाटेवरचे. काचभट्टीचं पूर्ण गणित इतकं वेळखाऊ, की भट्टीवरच्या माणसाला त्याचा रोज उपयोग नाही. म्हणून आधी अनेक गणितं करून ठेवायची, त्या माहितीवर मशीन लर्निंगने झटपट उत्तर देणारं छोटं प्रारूप शिकवायचं, असा मार्ग धरला गेला. झूमएसेन्स या कंपनीला स्वादद्रव्यांचा फवारा कमी तापमानात वाळवायचा होता. पर्ड्यू विद्यापीठ पोलादाच्या झोतभट्टीमागे लागलं.

२०१८ मध्ये कार्यक्रमाचा विस्तार झाला, पदार्थविज्ञानाचे प्रश्नही आत आले आणि नावात ‘ऊर्जा नवसंशोधन’ आलं. मात्र जाहीर होणारे बचतीचे मोठे आकडे ‘सगळ्या उद्योगाने स्वीकारलं तर’ या अटीवरचे असतात. ते कारखान्याच्या मीटरवर वाचलेले नसतात. कागदाचं यंत्र तीस-चाळीस वर्षं चालतं. त्याचा प्रेस विभाग नव्याने बसवायचा तर यंत्र थांबवावं लागतं, आणि तो निर्णय प्रयोगशाळेच्या हाती नसतो.