जी-६-पीडीची आनुवंशिक कमतरता

ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज (जी-६-पीडी) हे ग्लुकोजच्या चयापचयातील विकर तांबड्या रक्तपेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करते. त्याचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने कमतरता प्रामुख्याने पुरुषांत प्रकट होते. स्त्रिया बहुधा वाहक असतात. भारतात आढळणाऱ्या प्रकारांपैकी एकाचे नाव ‘केरळ-कल्याण’ असे आहे.

एरवी बहुतेकांना त्रास नसतो. मात्र काही औषधे किंवा संसर्ग यांमुळे तांबड्या पेशी झपाट्याने फुटतात. कावीळ, धाप व गडद रंगाची लघवी ही लक्षणे दिसतात. नवजात बालकांत तीव्र कावीळ होऊ शकते.

हिवतापावरील प्रायमाक्विनच्या अभ्यासातूनच १९५६ मध्ये या दोषाचा उलगडा झाला. व्हायव्हॅक्स हिवतापाचे यकृतात दडलेले परजीवी नष्ट करण्यासाठी हे औषध १४ दिवस दिले जाते. त्यामुळे दादरा व नगर हवेलीतील रांधासारख्या गावांत हिवतापाच्या रुग्णाने कुटुंबातील अशा त्रासाची माहिती डॉक्टरांना आधीच देणे हिताचे ठरते. औषध सुरू असताना लघवी गडद झाल्यास गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे.

निदान रक्तचाचणीने होते. तथापि पेशी फुटण्याच्या काळात ती फसवी ठरू शकते. दोष कायमचा बरा होत नाही. अपायकारक औषधे टाळणे हाच मुख्य उपाय होय.